शार्दोनेच्या तीन सुरया

शार्दोने, ११ फेब्रुवारी १९७४

श्रीयुत फुल्बेर लकुव्हे यांस,

आपली ओळख नाही. मी आर्लेतची आई, सोलांज ब्रुशार. तुमच्या लुसियाँनं आणि आमच्या आर्लेतनं ल्योंच्या टपाल कचेरीत एकाच खिडकीमागे बसून काय ठरवलंय, ते एव्हाना तुमच्या कानावर आलं असेलच. मुलगा आम्हाला पसंत आहे. नाताळात येऊन गेला, दोनदा मागून वाढून घेतलं आणि न सांगता भांडी पुसायला लागला. आमच्याकडच्या पुरुषांनी आजवर भांडी नुसती फोडली आहेत.

पण हे पत्र मुलाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे.

जूनच्या सुरुवातीला, पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार आहात. त्याआधी माझ्या नवऱ्याबद्दल दोन शब्द. आंसेल्म माणूस लाखात एक आहे, पण वाईनचा विषय निघाला की त्याच्यातलं माणूसपण जरा बाजूला बसतं. घरात नवा सोयरा आला की तो जेवणाआधी त्याच्यापुढे तीन सुरया ठेवतो. एकीत आमच्या मळ्यातली वाईन, एकीत शाब्ली गावची, एकीत मर्सोची. तिन्ही शार्दोनेच. त्यातली आमची कुठली, हे पाहुण्यानं ओळखायचं. ओळखलं तर माणूस आपला.

थोरल्या मुलीच्या सासऱ्यांनी सुरयांकडे पाहिलं आणि बर्फ मागितला. वाईनमध्ये टाकायला. ह्याला नऊ वर्षं झाली. नातवाच्या बाप्तिस्म्याला दोघं एका बाकावर पाठीला पाठ लावून बसले होते. चर्चमध्ये असं बसायचं तर एकाला देवाकडे पाठ करावी लागते. ती आंसेल्मनं केली.

लुसियाँ सांगत होता की तुमच्याकडे सफरचंदाची सायडरच चालते, वाईनला कोणी हात लावत नाही. ऐकून माझी झोप उडाली. आर्लेतच्या बाबतीत मला पुन्हा तो तमाशा नकोय. तेव्हा मी ठरवलंय की पेंटेकॉस्टपर्यंत तुम्हाला पत्रातून शिकवायचं. आंसेल्मला पत्ता लागू द्यायचा नाही. टपाल अकराला येतं, तेव्हा तो मळ्यात छाटणीला असतो, त्यामुळे निर्धास्त लिहा.

पहिला धडा सोपा आहे. दुकानात जा, शार्दोनेची एक बाटली आणा, प्या आणि कशी लागली ते कळवा.

आपली,
सोलांज ब्रुशार


ल मेनील, नॉर्मंडी, २० फेब्रुवारी

सौ. सोलांजबाई यांस सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. बायको गेल्यापासून माझी बहीण ओनोरीन घर सांभाळते, तिलाही वाचून दाखवलं. तिचं मत तुमच्या यजमानांबद्दल फारसं चांगलं झालेलं नाही. ती म्हणाली, "मुलीच्या सासऱ्याला परीक्षेला बसवणाऱ्याच्या ग्लासात बर्फच पडला पाहिजे." मी तिला गप्प केलं. म्हणजे प्रयत्न केला.

आमच्याकडे वाईन निघते ती पाद्रीबाबा जेवायला आले की, आणि तीही त्यांनीच आणलेली असते. बाकी आम्ही सकाळी सायडर, दुपारी सायडर, आणि थंडी असली तर तिचीच कडक दारू. पण पोराचा प्रश्न आहे, म्हणून मी गाडी काढून बाजाराच्या गावी गेलो.

दुकानदारीणबाईंना म्हटलं, शार्दोने द्या. त्या म्हणाल्या, "हे काय असतं? बियाणं की फवारणीचं औषध?" म्हटलं, वाईन. त्यांनी फळी दाखवली. फळीवर शाब्ली होती, माकोन होती, वर धुळीत एक मर्सो होती. शार्दोने नव्हती. मी म्हटलं, "आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी स्पष्ट लिहिलंय." त्या म्हणाल्या, "मग त्यांच्याकडूनच आणा ना." मागे रांग लागली होती. शेवटी त्यांनी एक भरवशाची म्हणून बांधून दिली. घरी येऊन उघडली तर लाल निघाली.

कर्तव्य म्हणून मी तीही संपवली. गाडीच्या सीटला वास येतो तसा येत होता. धडा चुकला हे मला कळतंय.

आपला नम्र,
फुल्बेर लकुव्हे


शार्दोने, १ मार्च

फुल्बेरभाऊ,

चूक माझी. आम्ही इथे जन्मलो, त्यामुळे जे सगळ्या जगाला ठाऊक असेल असं वाटतं ते कोणालाच ठाऊक नसतं.

नीट ऐका. शार्दोने हे द्राक्षाचं नाव. आमच्या गावाचंही तेच. कोण कोणाच्या नावावरून आलं ह्यावर दर रविवारी चौकात भांडण होतं, त्यात तुम्ही पडू नका. बाटलीवर मात्र द्राक्षाचं नाव घालायची आमच्यात पद्धत नाही, गावाचं घालतात. मुलगी सासरी गेली की माहेरचं नाव सोडते, तसं समजा.

तिघी बहिणी आहेत. एक दिली उत्तरेला, शाब्लीत. तिथे थंडी फार, आणि जमीन म्हणजे जुन्या समुद्रातल्या कालवांचे शिंपले. सासर कडक, त्यामुळे ती काटक झाली आणि जिभेला धार आली. तिला ओल्या दगडाचा वास येतो. दुसरी दिली मर्सोला. श्रीमंताचं घर. ओकच्या पिंपात झोपते, उन्हात लोळते. अंगानं भरली आहे, लोण्याचा आणि भाजलेल्या बदामाचा वास येतो, आणि दोन घोट घेतले की तिसऱ्याला आपणच दमतो. तिसरी आमची, माहेरीच राहिलेली. साधी, हसरी, हिरव्या सफरचंदाची आणि पांढऱ्या रानफुलांची. तीच तुम्हाला ओळखायची आहे.

तिघींच्या लहान बाटल्या पाठवतेय. इथल्या टपाल कचेरीतली तिसो बाई पार्सल हाताळून आत काय आहे ते सांगते आणि मग गावालाही सांगते. म्हणून मी औषधाच्या बाटल्या वापरल्यात. 'खोकला' म्हणजे शाब्ली, 'सांधेदुखी' म्हणजे मर्सो, 'पोटदुखी' म्हणजे आमची.

आधी वास घ्यायचा. मग घोट तोंडात फिरवायचा. ग्लास खालच्या दांड्याला धरायचा, पोटाला नाही. फार गार करू नका, गारठली की तिघीही मुक्या होतात.

सोलांज


ल मेनील, १९ मार्च

सोलांजबाई,

पार्सल सुखरूप पोचलं. त्या दिवशी मी कुंपणाच्या कामाला गेलो होतो, तेव्हा ते ओनोरीनच्या हाती पडलं. तिला लेबलं वाचता येतात.

'सांधेदुखी' तिनं गुडघ्यांना चोळली. दोन्ही. तिचं म्हणणं आहे की बऱ्याच दिवसांत इतका आराम पडला नव्हता, आणि आणखी मिळेल का असं तिनं विचारायला सांगितलंय. 'खोकला' तिनं मार्कीझला पाजली. मार्कीझ आमची गाय. आठवडाभर ढासत होती. प्यायल्यावर ती गोठ्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि धारेच्या वेळेला तिनं लाथ मारली नाही, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं बाटली हुंगली, जिभेवर एक थेंब घेतला, मग आणखी थोडी घेतली. म्हणाला, "गाईला काही झालेलं नाही. पण हे औषध तुम्हाला लिहून कोणी दिलं?"

राहिली फक्त तुमची.

ती मी दोन संध्याकाळी पुरवून प्यालो. आधी मला काहीच कळलं नाही. मग सांगितल्याप्रमाणे वास घेतला आणि एकदम आमच्या सफरचंदाच्या वखारीत गेलो. सफरचंद आहे हे खरं, पण पिकलेलं नाही. झाडाच्या सावलीकडच्या बाजूचं, जे आम्ही शेवटी तोडतो ते. रानफुलं मला सापडली नाहीत, पण बाटली रिकामी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यात सापडली.

दगडाचा वास कसा असतो हे समजावं म्हणून मी विहिरीचा कठडा ओला करून हुंगला आणि थोडा चाटला. नेमका पोस्टमन आला. त्यानं काही विचारलं नाही. पण ओनोरीनच्या हातात पत्र देताना म्हणाला की फुल्बेरकाकांकडे लक्ष ठेवा.

शाब्ली आणि मर्सो पुन्हा पाठवाल का? ह्या वेळी लेबलं न लावता.

फुल्बेर


शार्दोने, २२ एप्रिल

श्रीयुत लकुव्हे यांस,

मी आर्लेतचा बाप, आंसेल्म ब्रुशार. पत्ता मुलीकडून घेतला. हे पत्र माझ्या बायकोला कळता कामा नये.

मी गावच्या वाईन सोसायटीचा मुख्य चाखणारा आहे. कुठलं पिंप कुठल्या पिंपात मिसळायचं, ते मी सांगतो. माझ्या आधी माझे वडील सांगायचे. आमच्या घराण्याचं नाक ह्या भागात प्रसिद्ध आहे.

नाताळानंतर मला सर्दी झाली. सर्दी गेली, आणि जाताना नाक घेऊन गेली. तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही. वाईनचा नाही, कांद्याचा नाही, शेणखताचाही नाही. जिभेला आंबट-गोड तेवढं कळतं, बाकी सगळं कोमट पाण्यासारखं.

कोणाला सांगितलेलं नाही. सोसायटीत चाखायला बसलो की मी अध्यक्ष तोर्नूंच्या डाव्या भुवईकडे बघतो. ती वर गेली की वाईन चांगली. मग मी दोन वाक्यं बोलतो आणि सगळे माना डोलावतात. एवढ्या महिन्यांत मी त्या भुवईवर निभावून नेलंय.

पेंटेकॉस्टच्या जेवणाला तुम्ही येताय आणि तोर्नूही येताहेत. आमच्या घरात तीन सुरयांची एक रीत आहे. ती मीच सुरू केली, त्यामुळे मीच मोडली तर तोर्नू कारण विचारतील. आणि रीत चालवली तर तुमच्या उत्तरावर मला बोलावं लागेल, तुम्ही उलट काही विचाराल, चर्चा होईल, आणि मी उघडा पडेन.

तुम्ही सायडरवाले आहात, तुम्हाला वाईनमधलं काही कळत नाही असं ऐकतो. तसंच राहू द्या. सुरया पुढे आल्या की सरळ म्हणा, "मला ह्यातलं कळत नाही," आणि जेवायला सुरुवात करा. मी राग धरणार नाही. उलट जन्मभर उपकार मानेन.

हे सोलांजला मी सांगू शकत नाही. ती घाबरेल. उत्तर सोसायटीच्या पत्त्यावर पाठवा.

आंसेल्म ब्रुशार


ल मेनील, २ मे

आंसेल्मभाऊ,

शब्द दिला. मला काही कळत नाही.

फुल्बेर लकुव्हे


ल मेनील, ४ मे

सोलांजबाई,

दुसऱ्या बाटल्या मिळाल्या, तुमचीही पुन्हा आली, तिन्ही मीच प्यालो. आता तिघी वेगळ्या कळतात. डोळे बांधून ओनोरीननं विचारलं तरी चुकलो नाही, एकदाच चुकलो, तेव्हा तिनं मुद्दाम सायडर दिली होती.

पण मला असं वाटतंय की परीक्षा नको. मी साधा माणूस आहे. मला कळत नाही असं म्हटलं आणि सरळ ताटातल्या कोंबडीकडे वळलो तर कसं?

फुल्बेर


शार्दोने, १० मे

फुल्बेरभाऊ,

पाय गार पडले, होय ना? परीक्षेआधी सगळ्यांचे पडतात. आर्लेतला टपाल खात्याच्या परीक्षेच्या दिवशी ताप आला होता आणि ती जिल्ह्यात पहिली आली.

मनाची शांती म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. आंसेल्म स्वतः सुरया भरतो आणि दर वेळी एकाच क्रमानं ठेवतो. पाहुण्याच्या डाव्या हाताला आमची, मध्ये शाब्ली, उजवीकडे मर्सो. इतक्या वर्षांत कधी बदललेला नाही. तेव्हा नाक बंद पडलं तरी डावा हात आहेच.

कोंबडीकडे आधी वळायचं नाही. माझ्याकडे बघा आणि डावीकडची सुरई उचला. एवढं माझ्यासाठी करा.

सोलांज


शार्दोने, सोमवार, ३ जून

ओनोरीन,

मी जिवंत आहे. मार्कीझला सांग.

तुला दोन्ही पत्रं वाचून दाखवली होती, त्यामुळे माझी काय अवस्था होती ते तुला ठाऊक आहे. बाईला शब्द दिलाय की ओळखेन, बुवाला शब्द दिलाय की ओळखणार नाही. आगगाडीत सगळा वेळ विचार करत होतो. माकोनला उतरलो तेव्हा एवढंच ठरलं होतं की आजारी पडावं. पण फलाटावर आर्लेतनं गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा रंग किती छान आहे." मग आजारी तरी कसं पडणार.

घर मळ्याच्या वर आहे. टेबल अंगणात लिंडनच्या झाडाखाली मांडलं होतं. सोलांजबाई बुटक्या, गोल आणि सारख्या हलणाऱ्या. आंसेल्म उंच, आणि खरंच नाक एवढं मोठं आहे की ते बंद पडलंय हे सांगून कोणाला पटायचं नाही. सोसायटीचे अध्यक्ष तोर्नू माझ्यासमोर. त्यांची डावी भुवई झाडूसारखी आहे. मी पहिल्यापासून तिच्याकडेच बघत राहिलो, शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

आंसेल्म म्हणाले, "आमच्या घराची एक रीत आहे." आर्लेत तळघरातून तीन सुरया घेऊन आली आणि माझ्यापुढे ओळीनं ठेवल्या. सोलांजबाई टेबलाच्या त्या टोकाकडून माझ्या डाव्या हाताकडे असं बघत होत्या की तो आपोआप उचलला जाईल असं वाटलं. आंसेल्म ह्या टोकाकडून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी पहिलीचा वास घेतला. आपली सावलीकडची सफरचंदं. बरोबर. दुसरीचा घेतला. पुन्हा सफरचंद. मला वाटलं नाकात पहिलीचा वास राहिला असेल. पाव खाल्ला, पाणी प्यालो, तिसरी घेतली. ओनोरीन, तिसरीतही तेच सफरचंद, त्याच झाडाचं.

आता मी काय म्हणायचं होतं? डावीकडे बोट दाखवलं असतं तर नवरा बुडाला असता. कळत नाही म्हटलं असतं तर बायकोची चार महिन्यांची मेहनत पाण्यात. मी दोघांकडे पाहिलं आणि जे खरं होतं ते बोललो, कारण ते कोणालाच कबूल केलेलं नव्हतं. म्हटलं, "मला तर तिन्ही एकच वाटतात."

तोर्नू हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. "नॉर्मंडी," म्हणाले, "नॉर्मंडीहून यावं आणि असं बोलावं." सोलांजबाईंनी डोळे मिटले. आणि आंसेल्मचा चेहरा उजळला. इतका वेळ फासावर चढलेला माणूस खाली उतरल्यासारखा झाला. परीक्षा संपली होती, मी नापास, त्यांची सुटका. आणि त्या आनंदात त्यांचा तोल गेला.

"हरकत नाही व्याहीबुवा," म्हणाले, "मी समजावतो." आणि सुरू झाले. डावीकडची आपली, बघा कशी साधी. मधली शाब्ली, "हा दगड, अगदी ओला दगड, नाकातोंडाला खडक लागतो." मग तिसरी ग्लासात ओतली, ग्लास उन्हात धरला, डोळे मिटून वास घेतला. "आणि ही मर्सो. हे लोणी. अहो, आंधळ्या गाईलासुद्धा कळेल."

ते इतकं सुंदर बोलत होते की तोर्नूंना तहान लागली. त्यांनी मधली सुरई ओढून ग्लासात ओतली आणि प्याले. भुवई वर गेली. मग तिसरी प्याले. भुवई आणखी वर गेली. मग पहिली. भुवई तिथेच अडकली.

"आंसेल्म," ते म्हणाले, "ह्या तिन्ही तुझ्याच आहेत."

सोलांजबाईंनी धावत येऊन चाखल्या. मग त्यांनी आर्लेतकडे पाहिलं. पोरगी बिटासारखी लाल झाली होती. म्हणाली, "मी तळघरात सगळ्या ओतून टाकल्या आणि तिन्हींत आपलीच भरली. म्हटलं लुसियाँच्या बाबांनी कुठलीही दाखवली तरी बरोबर यायला हवी." आपला लुसियाँ तिच्या शेजारी उभा होता, म्हणजे ह्यात तोही असणार.

आता सगळे आंसेल्मकडे बघायला लागले. त्यांच्या हातात तो ग्लास तसाच उन्हात धरलेला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मी सोलांजबाईंकडे पाहिलं आणि त्यांना समजलं तो क्षण मला दिसला. पीठ मळताना मध्येच हात थांबावा तशा त्या थांबल्या.

मग त्या हसल्या. मोठ्यांदा. म्हणाल्या, "काय लोक आहात तुम्ही. त्याला पहिल्या वासातच कळलं होतं. तुमची फिरकी घेत होता, अध्यक्षसाहेब."

तोर्नूंनी विचारलं, "होय आंसेल्म?"

आंसेल्म बायकोकडे बघत होते. मग म्हणाले, "लोणी जरा जास्त झालं का?"

तोर्नूंनी टेबलावर असा हात मारला की काटे उडाले. चाळीस वर्षांच्या ओळखीत आंसेल्मनं पहिल्यांदा विनोद केला म्हणून त्यांनी उभं राहून त्यांना मिठी मारली. मग कोंबडी आली. कोंबडी चांगली होती.

लग्न ऑक्टोबरमध्ये, द्राक्षांची तोडणी झाल्यावर. शुक्रवारी निघतो.

फुल्बेर


शार्दोने, १४ जून

फुल्बेरभाऊ,

तुम्ही गेल्यावर मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. नाक गेलं म्हणून नाही. कधी न पाहिलेल्या माणसाला त्यानं पत्र लिहून सांगितलं आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोला नाही, म्हणून. तो म्हणाला, "तू तरी चार महिने कोणाला पत्रं लिहीत होतीस?" ते खरंच होतं, म्हणून मी आणखी अर्धा दिवस बोलले नाही.

मग मी त्याला टेबलाशी बसवलं आणि नाकाखाली एकेक धरलं. लसूण, व्हिनेगर, शेळीचं जुनं चीज, शेवटी त्याचेच मोजे. काही नाही. मोज्यांवर मला रडू आलं. तो मला समजावत होता की अगं, ह्यात तोटा काहीच नाही. माकोनच्या डॉक्टरनं सांगितलं, वाट बघा, येईल किंवा येणार नाही. ह्यासाठी डॉक्टर कशाला हवा, ते तर मीही सांगितलं असतं.

खरी पंचाईत वेगळीच झालीय. तोर्नूंनी तो किस्सा गावभर केला. आता आंसेल्म विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. रस्त्यात लोक थांबवतात, "आंसेल्म, काहीतरी सांग ना." तो बिचारा म्हणतो की मला काही येत नाही, आणि लोक पोट धरून हसतात. काल पावाच्या दुकानात त्यानं नुसतं "लांब पाव द्या" म्हटलं तर बाई हसून गल्ल्यावर आडवी झाली. तो घरी येऊन आरशात बघत होता.

सोसायटीत काय करायचं ते अजून ठरत नाही. तो म्हणतो खरं सांगून टाकेन. मी म्हणते तोडणी होऊ दे.

ओनोरीनताईंच्या गुडघ्यांसाठी मर्सो पाठवलीय. थोडी पोटात घेतली तरी चालेल म्हणावं.

सोलांज


शार्दोने, १५ डिसेंबर

फुल्बेर,

लग्नाच्या दिवशी बोलायला वेळच मिळाला नाही. ओनोरीनताई तोर्नूंबरोबर इतक्या नाचल्या की ते दुसऱ्या दिवशी सभेला काठी टेकत आले आणि कारण विचारलं तर हसले.

सोसायटीत मी खरं सांगितलं. नव्या वाईनच्या चाखणीला सगळे जमले होते. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मंडळी, मला जवळजवळ वर्षभर कशाचाही वास येत नाही. मी तुम्हाला फसवत होतो. माझ्या जागी दुसरा कोणी बसवा." मग मागून कोणीतरी फुसकन् हसलं, आणि सगळं तळघर हसायला लागलं. मी म्हटलं, "अहो, खरंच सांगतोय." त्यावर तर तोर्नूंना खोकल्याची उबळ आली. डोळे पुसत म्हणाले, "आंसेल्म, म्हातारपणी तू फारच बिघडलास. बस आता, सुरू कर."

मी बसलो. सोलांज माझा कोट धरून मागे उभी होती, तिला मी शेजारी खुर्ची ओढून दिली. बाई माणूस चाखणीला बसलेली आमच्याकडे कोणी पाहिलेली नाही, पण तोही विनोदच असेल असं धरून सगळे गप्प राहिले. ती चाखायची आणि माझ्या कानात सांगायची. तिची भाषा तुला ठाऊक आहे. एका पिंपाला म्हणाली, "ही सासूशी भांडून आलीय." मी मोठ्यांदा म्हटलं, "अजून बसलेली नाही, वसंतापर्यंत ठेवा." दुसऱ्याला म्हणाली, "हिला नुसतं नटायला हवं, घरकाम शून्य." मी म्हटलं, "सुगंध आहे, पण अंग कमी." सगळ्यांनी माना डोलावल्या. तोर्नूंच्या भुवईकडे मी एकदाही पाहिलं नाही. घरी येताना तिनं माझा हात धरला होता आणि मला सांगत होती की सातव्या पिंपाच्या वेळी मी उगाच जास्त बोललो.

ह्या वर्षीची तोडणी पावसात झाली, ते तू लग्नाला आलास तेव्हा चिखलावरून पाहिलंच असशील. द्राक्षं पिकायच्या आधीच कुजायला लागली होती, जी मिळाली ती हिरवीच तोडली. गेल्या रविवारी जेवायच्या वेळेला आमच्या स्वतःच्या पिंपातला पहिला ग्लास काढला. दर वर्षी तो मी चाखतो आणि सोलांजला सांगतो. ह्या वर्षी मी तिच्यापुढे धरला.

तिनं वास घेतला. घोट घेतला. मग ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे," म्हणाली. "सफरचंद आहे, पांढरी फुलं आहेत. आणि शेवटी किंचित मध."

फुल्बेर, नाक गेलं म्हणून जीभ जात नाही. आंबट ते आंबटच लागतं. मी घोट घेतला आणि माझ्या दाढा शिवशिवल्या, कानामागे कळ आली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी आंबट वाईन माझ्या हातून कधी झाली नव्हती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

मी म्हटलं, "मध जरा जास्तच आहे," आणि ग्लास पुढे केला. तिनं तो पुन्हा भरला.

तुझा,
आंसेल्म